जुन्या गाडीचा हीटर कोमट हवा देत होता: माझा अनुभव

गाडी 2007 ची, पेट्रोल. जानेवारीत पहाटे निफाडकडे निघालं की काचेवर आतून वाफ धरायची आणि हीटर नुसती कोमट हवा फेकायचा. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी, पंखा जोरात, तरी बोटं गारठलेली. दोन हिवाळे असेच गेले, अगदी वैताग आला होता.

आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदललं, मग मेस्त्रींच्या सांगण्यावरून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. काही फरक नाही. काटा नीट वर येत होता, म्हणजे थर्मोस्टॅटवर संशय घ्यायलाच नको होता.

निदान हातानेच झालं. इंजिन तापल्यावर नॉब पूर्ण गरमवर ठेवला आणि केबिनच्या भिंतीत शिरणारे हीटरचे दोन्ही होज (रबरी नळ्या) चाचपले. एक चटका देणारा, दुसरा जेमतेम कोमट. हीटर कोअर, म्हणजे गरम कूलंटवर केबिनची हवा तापवणारा छोटा रेडिएटर, आतून चोंदला होता.

इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. खाली घमेलं ठेवून दोन्ही होज काढले. कोअरच्या बाहेर पडणाऱ्या नळीतून बागेच्या पाइपने उलटं पाणी सोडलं, अगदी हळू. जोर दिला तर जुना कोअर फुटतो. गढूळ चहासारखं पाणी आणि गंजाचे पापुद्रे पडले. पाणी नितळ आल्यावरच थांबलो. नवे क्लॅम्प लावून होज जोडले, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. मग गार इंजिन रेडिएटरचं झाकण उघडं ठेवूनच चालू केलं, नॉब गरमवर. बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहिलो, मग झाकण लावलं.

घमेल्यातलं कूलंट लगेच झाका. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि दगावतात.