होळीनंतर झाडांवर दिसणारा पांढरा कापूस: शहरातल्या झाडांसाठी उन्हाळी सल्ला

होळी झाली की रस्त्याकडेच्या रेन ट्रीवर, सोसायटीतल्या जास्वंदीवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो. हा पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी कीड. मुंबईतले कितीतरी जुने रेन ट्री याच्या तडाख्यात वाळून गेले. पंप हातात घेण्याआधी झाड कुठे उभं आहे ते पाहा.

काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्रीही धग सोडत राहतं. त्या धगीत किडीच्या पिढ्या भराभर होतात आणि तहानलेलं झाड तिला तोंड देऊ शकत नाही. अमेरिकेतल्या राले शहरात लाल मेपलच्या झाडांवर हेच दिसलं: जागा जितकी गरम, तितकी खवले कीड (पिठ्याचीच नातलग) जास्त. टेकडीवरच्या दाट झाडीत मात्र पानांतून बाष्प सुटून हवा गार राहते, पाचोळ्याखाली ओल टिकते. किडीला खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आणि कोळी, किडीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या तिथेच वाढतात आणि जवळपासच्या झाडांवरही येतात. म्हणून शहरातली झाडी साफसूफ करू नका आणि पाचोळा तर अजिबात जाळू नका.

तोच पाचोळा आळ्यात चार बोटं जाड पसरा, खोडापासून थोडा दूर. बुंध्याभोवती निदान १ मीटर माती उघडी हवी. दिल्लीत २०१३ साली हरित न्यायाधिकरणाने तसा आदेशच दिला होता. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, मुरेपर्यंत द्या.

खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर समजा, वर पिठ्या आहे. त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. खोडाला पॉलिथिनची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावा, सालीवर नको.

एक चूक फार होते. क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळीही पांढरी, लोकरीसारखी असते आणि लोक तिलाच चिरडतात. काडीने हळूच डिवचा: पिठ्या जागचा फारसा हलत नाही, अळी तुरुतुरु पळते. ती दिसली तर फवारणी थांबवा. नसेल तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, नंतर ५ टक्के निंबोळी अर्क, तोही फक्त किडलेल्या फांद्यांवर. फांदी छाटायची झाल्यास आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या.

यंदा नवी झाडं लावणार असाल तर एकेकटं लावू नका. असलेल्या झाडीला लागून करंज, कडुनिंब, बहावा, ताम्हण, उंबर असे मिसळून लावा. खड्डे आत्ताच खणून उन्हात तापू द्या. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की रोपं लावा.