चिकन आणि शेंगदाण्याचं झणझणीत स्टर-फ्राय: या चुका टाळा

कढईत चिकन टाकलं, दोन मिनिटांत तळाशी पाणी जमा झालं, भाज्या लिबलिबीत झाल्या आणि ताटात आलं ते ना धड सुकं, ना धड रस्सा. घरी स्टर-फ्राय करणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते.

नागपुरात तिला आणखी एक कारण आहे. आपल्या हाताला सावजी चिकनची सवय. मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा, झाकण ठेवायचं, चिकन सावकाश शिजू द्यायचं, वर तर्री आली पाहिजे. रश्श्याला ही रीत अगदी योग्य आहे. स्टर-फ्रायमध्ये मात्र आच मोठी, वेळ थोडा, झाकण नाही आणि पाणी जवळजवळ नाहीच. चीनच्या सिचुआन प्रांतातलं कुंग पाओ चिकन या प्रकारातलं सगळ्यात नावाजलेलं. चिकन, सुक्या लाल मिरच्या आणि शेंगदाणे. म्हणजे सामान आपल्या घरात असतंच, पद्धत तेवढी बदलायची.

पाणी सुटतंय? गर्दी कमी करा

चौघांसाठी ४०० ग्रॅम बोनलेस चिकन पुरतं. ते एकदम कढईत ओतणं ही या पदार्थातली सगळ्यात महाग पडणारी चूक. हॉटेलच्या भट्टीपुढे घरच्या शेगडीची आच फारच कमी. गार चिकनचा ढीग पडला की कढई थंड होते, सुटलेलं पाणी उडून जात नाही आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं. म्हणून दोन घाण्यांत करा. कढई चांगली तापू द्या, तेल घाला, अर्धं चिकन पसरा आणि पहिला मिनिटभर चमचा लावूच नका. खालून बदामी रंग आला की उलटा. झालेलं ताटलीत काढा, कढई पुन्हा तापवा, मग दुसरा घाणा. दोन्ही मिळून आठ-दहा मिनिटांचं काम आहे.

चिकन फ्रिजमधून काढून थेट कढईत टाकू नका आणि ओलंही ठेवू नका. दुकानातून आणलेलं धुवायचंच असेल तर नळाच्या धारेखाली धरू नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भाज्यांवर जातात. पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुवा, मग कागदी नॅपकिनने कोरडं करा. शिमला मिरची, कांदापात, गाजर हेसुद्धा आधी धुऊन निथळून ठेवा. भाज्यांना सुरुवातीलाच मीठ लावलं तर त्याही पाणी सोडतात. मीठ शेवटी.

भांडं म्हणून लोखंडी कढई घ्या. नॉनस्टिक तवा रिकामा, मोठ्या आचेवर तापवणं त्याच्या लेपासाठी चांगलं नाही, आणि इथे तर तेच करावं लागतं.

चिकन चिवट किंवा कोरडं होतंय

छातीचं मांस घेतलंत तर तंतूंची दिशा बघा आणि त्यांना आडवं कापा. मांडीचं बोनलेस मिळालं तर उत्तमच, ते जास्त आच सोसतं. तुकडे सारख्या आकाराचे, साधारण बोटाच्या पेराएवढे असू द्या. लहान-मोठे असले की लहान वाळतात तोवर मोठे आत कच्चे राहतात.

चिनी स्वयंपाकघरातली एक युक्ती इथे खरोखर उपयोगी पडते. चिकनला एक चमचा सोया सॉस, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि अर्धा चमचा तेल चोळून वीस मिनिटं ठेवायचं. पिठाचा पातळ थर आतला रस धरून ठेवतो. यात दही घालायचा मोह आवरा, दह्याचं पाणी परत कढईतच येणार. शिजलं की नाही हे सगळ्यात जाड तुकडा कापून बघा. आत गुलाबी राहता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश सेल्सिअस हवं.

दाणे मऊ पडतात किंवा कडवटतात

फल्लीदाणे आधी मंद आचेवर कोरडे भाजा, गार करा, सालं काढा आणि गॅस बंद केल्यावरच कढईत घाला. सॉसमध्ये शिजले की त्यांचा कुरकुरीतपणा गेलाच. काजू याहून लवकर जळतात, त्यामुळे दोन्ही एकत्र भाजू नका. दाणे उतरवल्यावरही गरम कढईत भाजत राहतात, म्हणून रंग थोडा कमी असतानाच ताटात ओता.

पावसाळ्यात दाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, कुबट वासाचे फेकून द्या. अशा दाण्यांत बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजून पूर्ण नाहीसं होत नाही. इथे काटकसर नको.

खारे दाणे वापरू नका. चौघांना अर्धी वाटी दाणे भरपूर झाले. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिनं पंचवीस ग्रॅमच्या आसपास असली, तरी उष्मांकही साडेपाचशेच्या वर असतात. पाहुणे जेवायला असतील तर दाण्यांची ॲलर्जी कोणाला आहे का, हे आधी विचारा.

ठसका लागतो, पण चव लागत नाही

भिवापूरची मिरची आपल्या जिल्ह्याची शान आहे. तिला भौगोलिक मानांकन आहे आणि या पदार्थात ती शोभते. पण धूर निघणाऱ्या तेलात टाकली तर क्षणात काळी पडते, घरभर खोकला होतो आणि ताटात कडवटपणा तेवढा उरतो. तेल मध्यम गरम असताना मिरचीचे तुकडे टाका, रंग गडद व्हायला लागला की लगेच बाजूला काढा आणि शेवटी परत घाला. लसूण-आलंही मध्यम आचेवरच, अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही.

तिखट कमी करायला नुसत्या बिया झटकून भागत नाही. जहाल भाग बिया जिथे चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या शिरांमध्ये असतो, त्या काढा. सिचुआनची जिभेला मुंग्या आणणारी मिरी मिळाली नाही तर कोकणातली तिरफळं घ्या. दोन्ही एकाच कुळातल्या झाडांची फळं आहेत. बी काढून टाका आणि फक्त सालं भाजून, कुटून, चिमूटभर घाला.

पौष्टिक म्हणून केलं, पण मीठ आणि तेल सुटलं

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. एका मोठ्या चमचा सोया सॉसमध्येच दोन ग्रॅमच्या वर मीठ जातं. म्हणून चौघांच्या सॉसमध्ये दीड मोठा चमचा पुरे. त्यात एक चमचा व्हिनेगर आणि किंचित गूळ. चव कमी वाटली तर वरून मीठ घालण्याआधी आंबटपणा वाढवून बघा. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की मी व्हिनेगर अर्धं करून ताजा रस घालते, आणि मला तीच चव जास्त आवडते. मात्र रस अगदी शेवटी घाला. तो उकळत ठेवला तर कडवट होतो.

तेल दोन मोठे चमचे, फल्लीचं. जवसाचं तेल एवढ्या मोठ्या आचेला योग्य नाही.

सॉस घट्ट करायला एक चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यातच कालवा. ते तळाशी बसतं, म्हणून ओतण्याआधी पुन्हा ढवळा. उकळी आली, चकाकी आली की गॅस बंद. दाणे आणि चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, त्यानंतर.

उरलं तर दाणे वेचून वेगळ्या डबीत ठेवा. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, शिजलेलं चिकन तासाभराच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. दुसऱ्या दिवशी तव्यावर मोठ्या आचेवर वाफाळेपर्यंत गरम करा, दाणे वरून घाला आणि गरम पोळीत गुंडाळून मुलांना द्या.