आयरिश सेशनसाठी ट्यून्सची झटपट बघता येईल अशी यादी कशी करायची

आयरिश सेशनला, म्हणजे जमून आयरिश पारंपरिक धुना (ट्यून्स) एकत्र वाजवायच्या बैठकीला, बसणाऱ्यांची खरी अडचण ट्यून येत नाही ही नसतेच बहुतेक वेळा, ट्यून येत असते पण सुरू कशी होते तेच ऐन वेळी आठवत नाही, आणि कोणी पहिले चार स्वर वाजवले की बोटं आपोआप पुढे धावतात. म्हणून यादी करताना हे पक्कं धरून चला की ती ट्यून शिकण्यासाठी नाही, सुरुवात आठवण्यासाठी आहे. पूर्ण नोटेशन त्यात अजिबात घालू नका. तसंही सेशन हा कानावर चालणारा प्रकार आहे, टेबलावर नोटेशनचे कागद पसरून वाजवलेलं बऱ्याच ठिकाणी आवडत नाही, पण दोन सेटच्या (सलग वाजवलेल्या दोन-तीन ट्यून्सच्या) मधे खिशातला कागद काढून पटकन नजर टाकली तर कोणाची हरकत नसते.

आधी यादीत काय घ्यायचं ते ठरवू. फ्रान्सिस ओ'नील हे शिकागोचे पोलीस प्रमुख होते, त्यांनी १९०३ मध्ये १८५० ट्यून्सचा संग्रह छापला, म्हणजे हा साठा केवढा मोठा आहे बघा. तेवढं सगळं गोळा करत बसलात तर यादी नुसती लांबत जाईल. मी तीन गट करायला सांगेन: जी ट्यून मी स्वतः सुरू करू शकतो, जी दुसऱ्याने सुरू केली तर सोबत वाजवता येते, आणि जी अजून शिकतोय. खिशातल्या कागदावर फक्त पहिला गट. बाकीचे दोन घरी स्प्रेडशीटमध्ये राहू देत.

आता क्रम. नावाप्रमाणे अकारविल्हे लावायचा मोह होतो पण सेशनमध्ये त्याचा उपयोग फार कमी, कारण तिथे प्रश्न असतो 'आता डी मध्ये एखादी रील सांग ना' असा. शिवाय एकाच ट्यूनला पाच नावं असतात आणि एकाच नावाच्या दोन वेगळ्या ट्यून्सही असतात. म्हणून आधी प्रकार, मग पट्टी, आणि नाव सगळ्यात शेवटी. प्रकार म्हणजे जिग (६/८, दादऱ्यासारखं तीन-तीन), रील (४/४, सरळ आठ-आठ), स्लिप जिग (९/८), हॉर्नपाइप, पोल्का (२/४), स्लाइड (१२/८), वॉल्ट्झ. पोल्का आणि स्लाइड आयर्लंडमधल्या कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या स्लीव लुआखरा भागाकडे जास्त वाजतात, तुमच्या सेशनला कोणी त्या वाजवतच नसेल तर तो रकाना खुशाल रिकामा ठेवा.

सुरुवात लिहायची कशी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. इंग्रजी अक्षरांचं एबीसी नोटेशन जगभर चालतं, ते येत असेल तर तेच वापरा. पण ज्यांचा कान सरगमवर तयार झालाय त्यांनी सरळ सरगम लिहावी, ती डोक्यात लगेच वाजते. सा कुठे धरायचा यावर दोन मतं असू शकतात, मी म्हणेन ट्यूनचा जो मुख्य स्वर तोच सा, आणि त्याची पट्टी ओळीच्या सुरुवातीलाच लिहायची, ती विसरायची नाही, नाहीतर पहिला स्वर कुठून काढणार! पट्टीपुढे थाट लिहा, म्हणजे कोणते स्वर शुद्ध आणि कोणते कोमल ते कळतं. पाश्चात्त्य नावांत मेजर म्हणजे बिलावल, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, डोरियन म्हणजे काफी, साधा मायनर म्हणजे आसावरी, एवढ्यात जवळपास सगळं बसतं. थाट लिहिला की प्रत्येक कोमल स्वराला खूण करत बसावं लागत नाही, मोबाइलवर ते टाइप करणं वैतागाचं असतं. काही ट्यून्समध्ये ध लागतच नाही, मग काफी की आसावरी याचा घोळ होतो, अशा वेळी काफी लिहून मोकळे व्हा. मंद्र सप्तकाला स्वराआधी टिंब, तारला स्वरानंतर टिंब, बास.

अशा ओळी होतील:

जिग, जी, बिलावल: सा - - सा रे ग | रे - - रे ग प — द केश
जिग, ई, काफी: सा - - प - - | सा प सा म रे .नि — मॉरिसन्स
रील, ई, काफी: सा - प सा नि सा प सा | सा - प सा म रे .नि रे — ड्राउझी मॅगी

शेवटच्या दोन नीट बघा, पट्टी तीच, थाट तोच, स्वरही जवळजवळ तेच, फरक फक्त लयीचा. म्हणूनच प्रकार आधी लिहायला सांगतोय, तो नसेल तर डोक्यात एक असते आणि हातातून भलतीच निघते.

दोन मात्राविभाग (बार, म्हणजे उभ्या रेघेने तोडलेले तुकडे) पुरतात, जास्त नको. मात्र दुसऱ्या भागाचीही सुरुवात लिहा, विशेषतः जिथे तो भाग वेगळ्याच स्वराभोवती फिरतो. ड्राउझी मॅगीचा दुसरा भाग 'नि - रे. नि ध - सा. ध' असा सुरू होतो आणि कानाला चक्क डी मेजर वाटतो, तिथे भलेभले अडखळतात. बहुतेक ट्यून्स दोन भागांच्या, प्रत्येक भाग आठ मात्राविभागांचा आणि दोनदा वाजवायचा अशा असतात, तेव्हा ते लिहायची गरज नाही, फक्त अपवाद लिहा: भाग तीन आहेत, किंवा भाग एकदाच वाजतो वगैरे.

मग सेट. सेशनमध्ये दोन-तीन ट्यून्स न थांबता एकामागे एक वाजवतात, प्रत्येक साधारण दोन किंवा तीन वेळा. प्रत्येक ओळीच्या टोकाला 'यानंतर' म्हणून एक ट्यून लिहून ठेवा. पट्टी बदलली की बसलेल्या सगळ्यांना नवा जोर येतो, ई काफीवरून डी बिलावल किंवा जी वरून डी असे बदल छान बसतात. पण हा सांधा घरी वाजवून बघितल्याशिवाय यादीत घालू नका, पहिल्या ट्यूनच्या शेवटच्या स्वरावरून दुसरीच्या पहिल्या स्वरावर जाताना श्वास किंवा बो (फिडलचा गज) कुठे सापडतो ते वाजवल्यावरच कळतं.

कागद एकच, दोन्ही बाजू वापरून, अक्षर मोठं, कारण उजेड कमी असतो. खाली थोडी जागा रिकामी ठेवा आणि पेन्सिल जवळ असू द्या, कोणी चांगली नवीन ट्यून वाजवली तर सेट संपल्यावर नाव विचारून सुरुवातीचे स्वर तिथेच लिहायचे, आणि त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर एकदा रेकॉर्ड करायचं. नाव त्यांनाही माहीत नसेल तर 'अमक्याकडून ऐकलेली' एवढं लिहा, पुढच्या वेळी त्यांनाच ती सुरू करायला सांगता येईल.