मासा नेमका कुठे संपतो?

गळ टाकायला शिकवणारे पायलीला पन्नास मिळतात. मासे पकडायच्या स्पर्धेतली पंचगिरी कुणी शिकवत नाही. नाशिकच्या आमच्या टोळक्यात ती माझ्या गळ्यात पडली, कारण त्या आठवड्यात माझा खांदा धरला होता. दारणेचं बॅकवॉटर, ११ जण, दोन पंच, बक्षीस काय तर जिंकणाऱ्याला सगळ्यांकडून मिसळ. एवढ्यावर कोण भांडणार? त्यानंतर दोन मित्र तीन महिने एकमेकांशी बोलत नव्हते.

वजनावर निकाल लावायचा नाही, एवढं मला कळत होतं. मासा लांबीला दुप्पट झाला की वजन साधारण आठपट होतं. ६० सेंटिमीटरचा एक कटला ३० सेंटिमीटरच्या आठांच्या बरोबरीचा. तो एकाला लागला की बाकीच्यांनी चहा पीत बसायचं. नुसती संख्या धरली तर लोक काठाला बसून बोटभर चिलाप्या उपसतात. म्हणून लांबी, प्रत्येकाचे सर्वांत मोठे तीन मासे, २५ सेंटिमीटरखालचा बाद, मोजला की लगेच पाण्यात. समुद्रात भाल्याने मासे मारणाऱ्यांना ही सोय नाही. भाला लागलेला मासा परत कसा सोडणार? तिथे किमान वजन आधीच ठरवावं लागतं, म्हणजे लहान माशावर कुणी नेमच धरत नाही.

मी फसलो ते शेपटीत. नियमात ‘लांबी’ लिहिलं, कुठून कुठपर्यंत ते लिहिलंच नाही. रोहू-कटल्याची शेपूट दुभंगलेली असते. मी टोकापर्यंत मोजत होतो, पलीकडच्या काठावरचा पंच मधल्या खाचेपर्यंत. एकच रोहू माझ्याकडे ५२, त्याच्याकडे ४७! त्यात माझ्या हातात शिंप्याची टेप. ती पोटावरून फिरवली की जाड मासा आणखी लांब होतो. वर कुणीतरी ओरडलं, “दादा, शेपूट चिमटीत धरली ना तुम्ही!” धरली होती. दोन्ही टोकं जवळ आणली की मासा वाढतो, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हा आधी हे लिहून काढा: तोंड मिटलेलं, नाक पाटीच्या, म्हणजे मापाच्या खुणा केलेल्या फळीच्या, आडव्या पट्टीला टेकलेलं, मासा सपाट, माप खाचेपर्यंत. टोक की खाच, यात बरोबर-चूक काही नाही, पण खाच चिमटीने हलत नाही. चिलापीला खाच नसते, म्हणून तिचा निकाल आम्ही वेगळा लावतो. आणि दोन पंच असले तरी पाटी एकच ठेवा.

वीस वर्षं गळ टाकणाऱ्या काकांना पंच करू नका. मान द्या, सल्ला घ्या, पण ते मासा हातात घेऊन “दीड किलो असेल” म्हणतात आणि मग टेप काढायची कुणाची छाती होत नाही. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर निकाल लावायचा सोपा मार्गही नको. मासा कॅमेऱ्यासमोर हात लांब करून धरला की कुणाचाही मोठा दिसतो. फोटो घ्यायचाच तर पाटीवरचा, आणि त्या सकाळी ठरवलेला शब्द चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवलेला, म्हणजे जुना फोटो खपत नाही.

धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो, त्यांना आधी विचारा. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिकडे फिरकूही नका.

पहिल्या वेळी आवाज चढणारच, घाबरू नका. माझ्याकडे तर आज अबोला धरलेल्या त्या दोन मित्रांपैकीच एकाने बनवलेली पाटी आहे, त्याच्या सुतार मेव्हण्याकडून रंधा मारून घेतलेली. प्रत्येक मापाआधी तिच्यावर तांब्याभर पाणी ओता. उन्हात तापलेल्या कोरड्या फळीवर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग सोडलेला मासा जगेलच असं नाही.