कानाची आणि तोलाची तपासणी: जाण्याआधी या चुका टाळा

गरगरतं, चालताना एका बाजूला ओढल्यासारखं होतं, एका कानात सतत गुंई आवाज येतो. न्यूरोच्या डॉक्टरांनी पाहिलं, पण आजाराचं नाव अजून सांगितलेलं नाही. आधी कानाच्या आणि तोलाच्या तपासण्या करून या म्हणाले. हिंगोली, किनवट किंवा भूमकडच्या माणसाला त्यासाठी नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. पहाटेची एसटी, बुडालेली मजुरी, सोबत घरचं एक माणूस. एवढं करून तपासणी वाया गेली की निदान आणखी लांबतं, आणि ती वाया जाते ती बऱ्याचदा घरून निघण्याआधीच.

चकरेची गोळी घेऊन जाणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चक्कर आली की मेडिकलवरून सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन किंवा मेक्लिझिन आणून घेतलं जातं. तोल सांभाळणारी यंत्रणा या गोळ्या मंदावतात, म्हणून बरं वाटतं. पण व्हीएनजी या तपासणीत नेमकी तीच यंत्रणा मोजायची असते. डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा चढवतात आणि कानात 30 अंशांचं गार व 44 अंशांचं कोमट पाणी, किंवा गार-गरम हवा, आळीपाळीनं सोडतात. त्यानं बुबुळं हळूहळू एकीकडे सरकून झटक्यानं परत येऊ लागतात. उजव्या आणि डाव्या कानाचा प्रतिसाद सारखा आहे का, हे त्यावरून कळतं. गोळीचा अंमल असेल तर दोन्ही कान मंद दिसतात, आणि हा आजार आहे की औषध, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

म्हणून या गोळ्या साधारण 24 ते 48 तास आधी थांबवायला सांगतात. किती तास आणि कोणत्या, हे नंबर लावतानाच विचारून घ्या. फिटची, बीपीची, शुगरची, हृदयाची किंवा रोजची झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. त्यातून जिवावर बेतू शकतं. सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, ‘पांढरी बारकी गोळी’ म्हटल्यानं कुणालाच काही कळत नाही. दारू दोन दिवस आधीपासून नको. तंबाखू, गुटखा त्या दिवशी नको, कारण निकोटिननंही बुबुळं थरथरू शकतात. भरल्या पोटी जाऊ नका, मळमळेल. शुगर असेल तर खाण्याचं आधी विचारा.

काजळ आणि सुरमा आदल्या दिवशीच नीट पुसून टाका. कॅमेरा डोळ्यातला काळा ठिपका शोधत असतो, तो काजळालाच बाहुली समजतो. बेरा तपासणी (कानापासून मेंदूपर्यंतची ऐकण्याची नस तपासणारी) असेल तर केस धुऊन, तेल न लावता जा. कपाळाला आणि कानामागे चिकटवलेल्या तारा तेलकट कातडीवर नीट धरत नाहीत. कान फुटलेला असेल, वाहत असेल, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर आधीच सांगा. पडद्याला भोक असताना कानात पाणी सोडत नाहीत.

अंदाजानं बटण दाबणं

ऐकण्याच्या तपासणीत हेडफोनमधून बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. यात पास व्हायचं असतं, असं पुष्कळांना वाटतं. मग आवाज आला नाही तरी ‘आता यायला पाहिजे’ म्हणून बटण दाबलं जातं, किंवा बारीक आवाज येऊनही ‘नक्की नाही’ म्हणून सोडून दिला जातो. दोन्हींनी आलेख खोटा निघतो. अगदी पुसट ऐकू आलं तरी दाबा, नाही आलं तर शांत बसा. मध्येच दुसऱ्या कानात पावसाच्या सरीसारखा आवाज सोडतात. तो त्या कानाला गुंतवून ठेवण्यासाठी असतो, त्याच्यासाठी बटण दाबायचं नाही. आदल्या दिवशी वरातीतला डीजे, जिनिंग किंवा रोलिंग मिलची पाळी टाळा. मोठ्या आवाजानंतर ऐकणं काही तास मंदावतं. मळ असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या, घरी काडी घालू नका.

नुसतं ‘चक्कर येते’ सांगणं

घर फिरल्यासारखं होतं, डोळ्यापुढे अंधारी येते की पाय धरत नाहीत? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. कुशीवर वळताना मिनिटभराच्या आत थांबणारं गरगरणं बहुतेक वेळा आतल्या कानातले कण सरकल्यानं होतं. कान दडपून, कमी ऐकू येऊन वीसेक मिनिटं ते काही तास चालणारं गरगरणं वेगळं. डोकेदुखी आणि उजेडाचा त्रास सोबत असेल तर अर्धशिशीचाही विचार होतो. वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं, तेव्हा काय करत होता, एवढं लिहा. झटका आला असताना घरच्यांना मोबाइलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढायला सांगा. तपासणीच्या दिवशी चक्कर येईलच असं नाही, पण व्हिडिओ डॉक्टरांना बघता येतो.

‘रिपोर्ट नॉर्मल’ ऐकून एमआरआय रद्द करणं

कान नीट निघाला तर शोध मेंदूकडे वळतो, थांबत नाही. बेरा नॉर्मल असूनही ऐकण्याच्या नसेवरची छोटी गाठ नजरेतून सुटू शकते, ती एमआरआयमध्ये दिसते. एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही, म्हणून घट्ट जोडवी घरीच साबण लावून काढा, आत गेल्यावर निघत नाहीत. जुन्या रिपोर्टबरोबर फिल्म आणि सीडीही न्या.

तारखेची वाट बघू नये असं काही

एका कानाला अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होतो. तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, एकाचे दोन दिसणं, एका बाजूचं बळ जाणं, अचानक उभंच राहता न येणं, यातलं काहीही झालं तर गावात सलाईन लावत बसू नका, लगेच मोठं हॉस्पिटल गाठा. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि वाटेतला वेळही त्यातच जातो.

तपासणी झाल्यावर स्वतः मोटारसायकल चालवत परतू नका. निदान होईपर्यंत अंधाराची जास्त काळजी घ्या. कानाकडून तोल सांभाळला जात नसेल तर माणूस डोळ्यांच्या आणि पायांच्या आधारानं चालतो; अंधारात डोळे गेले आणि ढेकळात पायही फसले की तो पडतोच. शेतीची लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात विहिरीवर मोटार चालू करायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.