शहरातला फ्लक्स मोजताना या चुका टाळा

शहरातून वर हवेत किती उष्णता आणि किती बाष्प जातं, म्हणजे त्यांचा फ्लक्स, हे एडी कोव्हेरियन्सने, म्हणजे वाऱ्यातल्या भोवऱ्यांचे झटपट चढउतार टिपून, मोजता येतं. सोनिक अ‍ॅनिमोमीटर (ध्वनिलहरींनी वारा मोजणारं उपकरण) सेकंदाला १० ते २० वेळा वाऱ्याचे तिन्ही घटक आणि हवेचं तापमान टिपतो, बाष्प वेगळा अ‍ॅनलायझर मोजतो, आणि त्यातून साधारण ३० मिनिटांचा फ्लक्स निघतो. उपकरणं आता भरवशाची आहेत. घोळ होतो तो ती उभी कुठे केली यात.

गच्ची मिळाली, दोन-तीन मीटरचा खांब ठोकला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तिथे मोजला जातो तो त्याच इमारतीने ढवळलेला वारा, आणि शेजारी एसीचं बाहेरचं युनिट असेल तर त्याची गरम हवा. इमारतींच्या सरासरी उंचीच्या दुपटीपर्यंत, कधी पाचपटीपर्यंतही, एकेका इमारतीचा प्रभाव टिकतो. सेन्सर त्याच्या वर हवा. दाट आणि एकसारख्या उंचीच्या वस्तीत दुपटीवर निभावतं. विरळ, उंचसखल वस्तीत नाही.

उंची वाढली की फूटप्रिंटही, म्हणजे वारा येतो त्या बाजूचा जो भाग सेन्सरला जाणवतो तोही, पसरतो. वारा फिरला की तोच सेन्सर बागेऐवजी गोदामं मोजू लागतो, म्हणून सगळ्या दिशांची एकच सरासरी काढू नका. किरणोत्सर्ग मोजणारा रेडिओमीटर मात्र खालचा ठरावीक गोलच बघतो. दोघांचे आकडे उष्णतेच्या हिशेबाच्या एकाच समीकरणात घालण्याआधी त्या दोन जागांवरची वस्ती-झाडी सारखी आहे का ते तपासा.

आता सगळ्यात फसवी चूक. निव्वळ किरणोत्सर्ग (आलेला वजा परत गेलेला) आणि माणसांनी सोडलेली उष्णता यांच्या बेरजेतून उष्णतेचा आणि बाष्पाचा असे दोन्ही फ्लक्स वजा करायचे, आणि उरलेलं ते भिंती-रस्त्यांत साठलं असं म्हणायचं. हा साठा थेट मोजता येत नाही, हे खरं. पण एडी कोव्हेरियन्स बहुधा फ्लक्स कमी दाखवतो, त्यामुळे मोजणीतली प्रत्येक तूट साठ्याच्या नावावर जमा होते. ग्रिमंड, क्ल्यू आणि ओक या संशोधकांच्या १९९१ च्या पद्धतीने, म्हणजे निव्वळ किरणोत्सर्ग आणि पृष्ठभागांचे प्रकार यांवरून, साठ्याचा स्वतंत्र अंदाज काढून ताडून पाहा. जंगलातल्या मोजणीसाठी बनवलेले, खराब आकडे गाळायचे नियमही जसेच्या तसे लावू नका. दाट शहरात रात्रीही उष्णतेचा फ्लक्स वरच्या दिशेने असू शकतो. त्याला चूक समजून काढून टाकणं हीच चूक.

आकडे विचित्र दिसले तर आधी उभ्या वाऱ्याची सरासरी दिशेनुसार काढा. एकाच दिशेला ती बिघडत असेल तर खांब किंवा कठडा आड येतोय. सगळ्याच दिशा ठरावीक अंशांनी सरकलेल्या वाटल्या तर उपकरणाची उत्तर दिशाच चुकीची लावली आहे; लोखंडी सांगाड्याजवळ होकायंत्र हमखास फसतं. पावसात ओपन-पाथ (उघड्या हवेतच बाष्प मोजणाऱ्या) अ‍ॅनलायझरचे आकडे गाळावेच लागतात. बाष्पाचा फ्लक्सच तेवढा कमी येत असेल, तर अ‍ॅनिमोमीटर आणि अ‍ॅनलायझर यांच्या नोंदींमधला वेळेचा फरक तपासा.

आणि जागा वाचवायला फक्त अर्ध्या तासाच्या सरासऱ्या ठेवू नका. कच्चा डेटा नसेल तर यातलं बरंचसं मागाहून दुरुस्त करता येत नाही.