एकाच नळ कनेक्शनवर दोन घरं असतील तर बिल कसं वाटायचं

भाऊ वेगळे झाले, मधे भिंत आली, घरपट्टी दोन नावांवर झाली, पण नळ कनेक्शन वडलांच्या नावावर एकच राहिलं, असं तालुक्याच्या गावांत गल्लोगल्ली दिसतं. जुनं घर अर्धं विकलं की तिथेही हेच होतं. मग बिल आलं की सुरू, तुमच्याकडे माणसं जास्त, तुम्ही रोज गाडी धुता, वगैरे. माझं स्पष्ट म्हणणं आहे की माणसं मोजून बिल वाटू नका, मीटर लावून वाटा. माणसं मोजायला गेलं की बाळंतपणाला आलेल्या लेकीवरून पण भांडणं होतात, आणि ते फार वाईट वाटतं हो.

(जिथे मीटर नाही, वर्षाची ठोक पाणीपट्टी येते, तिथे सरळ निम्मी निम्मी करा आणि विषय संपवा.)

आधी लाइन बघून घ्या. रस्त्याच्या मेन लाइनवरून पाइप निघतो, मीटरला येतो आणि मीटरच्या पुढे कुठेतरी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून दोन फाटे केलेले असतात. तो टी नक्की कुठे आहे हे जुन्या प्लंबरला विचारा नाहीतर थोडं उकरून बघा. मग लीकेज तपासायचं. हे पाणी सुटलेलं असतानाच करायचं, पाणी गेल्यावर लाइनला प्रेशरच नसतं त्यामुळे काही कळत नाही. सुरुवातीला पाइपातली हवा निघून जाऊ द्या, हवेनेपण मीटर फिरतो, मग दोन्ही घरांतले सगळे नळ आणि टाकीचे कॉक बंद करून डायलवरचं बारीक चक्र दहा मिनिटं बघत बसा. फिरतंय म्हणजे कुठेतरी गळतंय. पाइप गटाराच्या कडेने असेल तर अजिबात चालढकल करू नका, कारण पाणी बंद झालं की त्याच भोकातून घाण आत ओढली जाते आणि दुसऱ्या दिवशी पहिलं पाणी वासाचं येतं, ते दोन्ही घरांतली पोरं पितात.

आता सब-मीटर, म्हणजे मेन मीटरच्या पुढे प्रत्येक घराचा वापर मोजणारा आपला छोटा मीटर. टीच्या पुढे दोन्ही फाट्यांवर एकेक लावा, आडवा, बाणाची दिशा बघून. दोन्हीकडे लावा हे मुद्दाम सांगतोय, बरेच जण पैसे वाचवायला एकाकडेच लावतात आणि मेनमधून वजा करून दुसऱ्याचं काढतात, त्यात मेन मीटर ते टी मधलं सगळं लीकेज बिनमीटरवाल्याच्या डोक्यावर बसतं आणि त्याला कळतपण नाही. प्रत्येक सब-मीटरच्या आधी एक बॉल वॉल्व्ह (पाणी बंद करायचा कॉक) आणि पुढे नॉन रिटर्न वॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) टाकून घ्या.

हिशोब असा. समजा मेनला 34 युनिट आले (एक युनिट म्हणजे 1000 लिटर), तुमचे 18, शेजाऱ्यांचे 12. बेरीज 30, म्हणजे 4 युनिट सामायिक पाइपात गेले, ते दोन-दोन वाटा. तुमचे 20, त्यांचे 14. बिल 680 असेल तर तुम्ही 400, ते 280. अर्ध्या-पाव युनिटचा फरक मीटरमीटरमधे असतोच, त्यावरून वाद नको, पण हे 4 चे पुढच्या वेळी 7 झाले तर पाइप उकरायची वेळ आली समजा. तिन्ही रीडिंगचे फोटो एकाच दिवशी काढून दोघांच्या व्हॉट्सॲपवर टाका.

जिथे वापर वाढला की दर वाढतो तिथे दोन कुटुंबं एका मीटरवर आली की वरच्या स्लॅबमधे जातात, पालिकेत जाऊन एका कनेक्शनवर दोन कुटुंबं अशी नोंद होते का ते विचारा.

लाइनला डायरेक्ट मोटर कोणीच लावायची नाही. शेजारचा नळ कोरडा पडतो. पाणी आधी खालच्या टाकीत घ्या आणि तिथून वर चढवा.

शेवटी वेगळं कनेक्शन घेणं हेच बरं. त्याला साधारण घरपट्टीची पावती, मालकीचा कागद, थकबाकी नसल्याचा दाखला लागतो, रस्ता खोदायचे पैसे वेगळे. पाइप दुसऱ्याच्या जागेतून जाणार असेल तर लेखी संमती घ्याच. 1882 च्या सुखाधिकार कायद्यात 20 वर्षांच्या वापराने हक्क मिळतो म्हणतात ते खरं, पण समोरच्याच्या परवानगीने वापरत असाल तर तो तसा तयार होत नाही. आणि नवं कनेक्शन सुरू झालं की जुना फाटा टीपाशीच बंद करून घ्या, घराच्या टोकाला नुसती प्लग मारून ठेवली तर मधल्या पाइपात पाणी सडतं आणि तो गळला तर बिल जुन्या मीटरवाल्याला येतं.